रेकॉर्डिंगचा कॉम्प्युटर साफ करताय? या चुका टाळा

आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी मेसेज टाकतंच, दादा रेकॉर्डिंग करताना कडकड आवाज येतोय, सगळं साफ केलं तरी जात नाही. काय साफ केलं विचारलं तर रिसायकल बिन, टेम्प फोल्डर, ब्राउझरची हिस्टरी. अरे बाबा, त्या हिस्टरीचा आणि तुझ्या तबल्याच्या टेकचा काय संबंध? डिस्क भरणं वेगळं आणि आवाज तुटणं वेगळं. आवाज बहुतेक वेळा तुटतो तो बफर, म्हणजे आवाजाचा पुढचा तुकडा तयार ठेवायची छोटी जागा, वेळेत भरला जात नाही म्हणून. ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने (सॅम्पल) घेताना, १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे जेमतेम ३ मिलिसेकंद, तेवढ्यात काम उरकायचं की लगेच पुढचं हजर, त्यात वायफायच्या ड्रायव्हरने जरा वेळ खाल्ला तरी टक्क होतं.

पण माझा लाडका मुद्दा उष्णतेचा, कारण त्यात मी स्वतः तोंडावर पडलोय. एका मे महिन्यात एक रिटायर्ड काका स्वतः चाली लावलेले अभंग माझ्याकडे रेकॉर्ड करायला यायचे. सकाळी दहाला सगळं मस्त, साडेबारा वाजले की कडकड सुरू. बफर मोठा केला की कॉम्प्युटरला वेळ जास्त मिळतो, पण आवाज उशिरा पोचतो. मी बफर १२८ चा २५६ केला, मग ५१२, मग १०२४, तेव्हा काका म्हणाले, "अहो, माझाच आवाज कानात दिंडी चुकलेल्या वारकऱ्यासारखा मागून येतोय." बरोबरच होतं त्यांचं, १०२४ म्हणजे एका बाजूचेच २३ मिलिसेकंद, परतीचे वेगळे. मग मी अख्खा रविवार घालवून विंडोज नव्याने टाकलं, सगळ्या प्लगिनची (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या इफेक्ट-वाद्यांच्या प्रोग्रॅमची) लायसन्स परत चालू करत बसलो, आणि सोमवारी साडेबाराला परत तेच!

झालं होतं काय, की रिक्षांच्या हॉर्नमुळे खिडक्या बंद, माइक पकडतो म्हणून पंखा बंद, खोलीची नुसती भट्टी, आणि वर लॅपटॉपची घरघर टेबलातून माइकच्या स्टँडमध्ये उतरू नये म्हणून मीच त्याच्याखाली चौघडी करून चादर घातलेली. म्हणजे हवा घ्यायची खालची जाळीच बंद. प्रोसेसर शंभर डिग्रीच्या आसपास गेला की स्वतःला वाचवायला स्वतःच हळू होतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा स्पीड बघितला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, सकाळी तीन गिगाहर्ट्झच्या वर असणारा आकडा दुपारी दीडच्या खाली. हे बघायला दहा सेकंद लागतात आणि मी रविवार घालवला.

लॅपटॉप उघडला तर पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या) पट्ट्यांमध्ये धुळीचा गालिचा. मऊ ब्रशने काढा, ब्लोअर मारणार असाल तर पंख्याचं पातं टूथपिकने अडवून धरा, नाहीतर तो नको इतक्या जोरात फिरून बेअरिंगचं वाटोळं होतं. हात थरथरत असेल तर दुकानात द्या, थोडे पैसे वाचवायला रिबन केबल तोडू नका. मी आता लॅपटॉप दाराबाहेरच ठेवतो, इंटरफेस (माइक ज्याला जोडतो तो डबा) आत, मधे यूएसबी केबल, पाच मीटरच्या आतली. मी पण बाहेरच बसतो, वाऱ्याला.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. रजिस्ट्री क्लीनर, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदी साफ करणारे प्रोग्रॅम, वापरू नका, स्पीड काही वाढत नाही आणि एखाद्या प्लगिनची नोंद उडाली तर दिवस गेला. एसएसडी डीफ्रॅग (फाइलचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) करायची नसते, विंडोज तिची काळजी स्वतः घेतं. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवायची सोय) बंद, चार्जर लावलेला. प्रोजेक्ट डेस्कटॉपवर ठेवू नका, बऱ्याच जणांचा डेस्कटॉप वनड्राइव्हला (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीला) जोडलेला असतो आणि त्यांना ते माहीतच नसतं, मग टेक चालू असताना तीच फाइल मागून अपलोड व्हायला लागते. सॅम्पल लायब्ररीचा (वाद्यांच्या तयार आवाजांचा) फोल्डर अँटीव्हायरसच्या स्कॅनमधून वगळा. ९६ किलोहर्ट्झचा हट्ट सोडा, प्लगिनवरचा भार जवळपास दुप्पट होतो आणि ऐकणारा फोनच्या स्पीकरवर ऐकणार आहे. काहीही बदलायच्या आधी लेटन्सीमॉन हा तपासणीचा प्रोग्रॅम दहा मिनिटं चालवून कुठला ड्रायव्हर त्रास देतोय ते बघा, पण पोरांना दहा मिनिटं थांबायचं नसतं, त्यांना एक बटण हवं असतं. आणि क्रॅक (चोरीचं) प्लगिन टाकून वर रीपर, म्हणजे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, मधेच बंद का पडतं विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही.

आता ज्या चुकीने मला खरंच रडवलं ती. डिस्क भरून लाल झाली की लोकांचा हात पहिला प्रोजेक्टच्या वेव्ह फाइल्सवर जातो. हिशोब करा ना जरा, २४ बिट ४८ किलोहर्ट्झ मोनोला मिनिटाला साधारण साडेआठ एमबी लागतात, पाच मिनिटांचे वीस टेक धरले तरी एक जीबी होत नाही. जागा खाल्लेली असते डाउनलोड्समधल्या लायब्ररीच्या झिप फाइल्सनी, इन्स्टॉल होऊन वर्ष झालं तरी तिथेच पडून, एकेक वीस-तीस जीबीची. त्या उडवा आधी.

मी काय केलं, तर गणपतीच्या आधी आरत्यांचं काम चालू होतं, एकाच फोल्डरमध्ये आरती फायनल, आरती फायनल २ आणि आरती फायनल खरंच अशी तीन प्रोजेक्ट. रीपरमध्ये प्रोजेक्टचा फोल्डर साफ करायची सोय आहे, ती मी फायनल २ उघडून वापरली, आणि ती बिचारी उघडलेल्या प्रोजेक्टपुरतंच बघते. फायनल खरंच मध्ये वापरलेली ढोलकी तिच्या यादीत बिनकामाची म्हणून आली, मी यादी न वाचता ओके केलं, वर जागा लगेच मिळावी म्हणून फाइल्स रिसायकल बिनमध्ये टाकायची खूण पण काढलेली. रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं, शून्य. जुन्या हार्ड डिस्कवर निदान आशा असते, एसएसडीवर डिलीट झालेल्या जागेची खबर ट्रिम कमांडने लगेच डिस्कला जाते आणि ती जागा पुसून मोकळी होते. ढोलकीवाला तोवर गावी गेलेला, दुसऱ्याला बोलावून वाजवून घेतली, सूर थोडा वेगळा, दोन कडव्यांमध्ये अजून मला तो फरक ऐकू येतो.

तेव्हापासून प्रत्येक व्हर्जनला वेगळा फोल्डर, आणि साफ करायच्या आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी, कॉपी उघडून वाजवून बघायची, नुसती फोल्डरची साइज बघून समाधान मानायचं नाही. आणि हे सगळं गाणं पोचवल्यावर पंधरा दिवसांनी, कारण "ती ढोलकी जरा वाढवता का" हा फोन चौदाव्या दिवशी येतो.