हरभऱ्याच्या बियाण्याला समुद्रशेवाळाचा अर्क

आमचं गाव औसा तालुक्यात, समुद्रापासून कुठल्या कुठे. तरी हरभरा पेरायच्या आदल्या रात्री आमच्या पडवीत खारट वास सुटतो, तो समुद्रशेवाळाच्या अर्काचा. तमिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बायका बांबूच्या तराफ्यांवर कप्पाफायकस नावाचं शेवाळ वाढवतात. ताजं शेवाळ पिळून रस, म्हणजेच हा अर्क, काढायचं तंत्र भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेनं बसवलं. त्या रसात पालाश (पोटॅश) असतं आणि वाढीला चालना देणारी संजीवकंही. कोरडवाहू हरभऱ्यात ओल रोज खाली सरकते, मुळाला तिच्या मागं धावावं लागतं. म्हणून मला सुरुवातीच्या जोमाची फार किंमत वाटते.

अर्क आणायच्या आधी उगवण तपासा. ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवा. ८५ तरी उगवायला हवेत. बी मुळातच मेलेलं असेल तर अर्क त्याला जिवंत करत नाही.

एकराच्या ३० किलो बियाण्याला मी पिंपात ४० लिटर पाणी घेते आणि लिटरला ३ मिली, म्हणजे १२० मिली अर्क ढवळते. बाटलीवर वेगळी मात्रा असेल तर तीच पाळा. बाटलीवर ‘जैव उत्तेजक’ लिहिलेलं आहे का तेही बघा. २०२१पासून ही उत्पादनं खत नियंत्रण आदेशात आली आहेत.

रात्री दहाला भिजवायचं, सकाळी सहाला उपसायचं. आठ तास, जास्त नाही. एका वर्षी मी लिटरला १० मिली टाकलं, आणि घरात पाहुणे असल्यानं बी दुपारपर्यंत पाण्यातच राहिलं. साल सुटली, दाण्यांची हातात डाळ व्हायला लागली, शेतात ओळीच्या ओळी रिकाम्या दिसल्या. ते वर्ष मी विसरलेले नाही. जास्त अर्कातल्या क्षारांनी बी होरपळतं.

उपसलेलं बी सावलीत गोणपाटावर पातळ पसरा, उन्हात कधीच नाही. मूठभर दाबून सोडा. तळहाताला दाणा चिकटला नाही तर पुढच्या कामाला तयार. ओलं बी चाड्यात, म्हणजे पेरणीच्या नरसाळ्यात, अडकतं आणि ओळीत खाडे पडतात.

अर्क म्हणजे मर रोगाचं औषध नव्हे. त्यासाठी किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चोळा. मग १२५ ग्रॅम गूळ लिटरभर पाण्यात उकळून गार करा, त्यात कालवून १० किलोला २५० ग्रॅम रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करणारे जिवाणू, लावा. जिवाणू नेहमी शेवटी. पुन्हा सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा, आणि रानात ओल असेल तरच. कोरड्या ढेकळात भिजवलेलं बी टाकलं की अर्धवट मोड येऊन वाळतं.

सोयाबीनला मात्र हे भिजवणं करू नका. त्याची साल फार नाजूक असते.

आणखी एक काम माझ्यासाठी कराच. नुसत्या पाण्यात भिजवलेल्या बियाण्याच्या चार ओळी पेरा, शेजारी चार अर्काच्या. नुसत्या पाण्यानंही उगवण लवकर होते, आणि ते श्रेय आपण बाटलीला देऊन बसतो. विसाव्या दिवशी दोन्हीकडची पाच-पाच झाडं खुरप्यानं मातीसकट उचला, बादलीत धुवा आणि मुळं शेजारी-शेजारी ठेवून बघा. पुढच्या वर्षी बाटली घ्यायची की नाही, ते तिथंच ठरवा.