ओल्या कचऱ्यापासून सुरुवात: छोट्या सोसायटीसाठी कचरा व्यवस्थापनाची पद्धत

तीस-चाळीस सदनिकांच्या सोसायटीत कचऱ्याचा प्रश्न हाती घ्यायचा झाला, तर बहुतेक समित्या प्लास्टिकपासून सुरुवात करतात, कारण ते डोळ्यांना खुपते. माझे स्पष्ट मत असे आहे की सुरुवात ओल्या कचऱ्यापासूनच करावी. सुका कचरा मुळात बराचसा विकण्याजोगा असतो. त्याला वरणभात आणि चहाचा चोथा लागला की त्याची किंमत जाते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले, त्यामागे हेच कारण आहे.

पहिल्या आठवड्यात काहीही न बदलता फक्त वजन करावे. वाणसामानाच्या दुकानात असतो तसा साधा काटा पुरतो. रोजचा ओला कचरा किती किलो निघतो हे कळल्याशिवाय खताच्या टाक्या किती बांधायच्या हे ठरवता येत नाही, आणि सर्वसाधारण सभेत खर्चाला मंजुरी मागताना ही नोंद हाताशी असली की चर्चा भरकटत नाही. पुणे महापालिकेच्या हद्दीत गांडूळखत प्रकल्प चालू ठेवणाऱ्यांना मालमत्ता करात सवलत मिळण्याची तरतूद आहे, तीही याच सभेत मांडावी.

दुसरी पायरी सभेत होत नाही, स्वयंपाकघरात होते. अनेक घरांत भाजी चिरणारे, ताटे खरकटी करणारे आणि डबा बाहेर ठेवणारे हात वेगवेगळे असतात. घरकामाला येणाऱ्या ताईंना आणि स्वयंपाकाच्या मावशींना बाजूला ठेवून सदस्यांसाठी कितीही पत्रके छापली तरी वर्गीकरण साधत नाही. त्यांच्या सोयीची वेळ विचारून, सगळ्यांना एकत्र बसवून, दोन्ही डबे समोर ठेवून समजावून सांगावे, आणि त्यांच्या अडचणी आधी ऐकाव्यात. ओल्या कचऱ्याच्या डब्यात प्लास्टिकची पिशवी अजिबात घालू नये. तळाशी वर्तमानपत्राचा कागद पुरे.

चाळीस घरांसाठी चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट उंच अशा चार टाक्या विटांत मध्ये फटी सोडून बांधाव्यात, म्हणजे बाजूंनी हवा खेळते. वर पत्र्याचे छप्पर हवेच. तळाशी नारळाच्या शेंड्या आणि काटक्यांचा सहा इंचांचा थर द्यावा, त्यावर रोजचा ओला कचरा आणि जवळजवळ तेवढ्याच आकारमानाचा सुका पालापाचोळा घालावा, आणि आठवड्यातून दोनदा खोरे घेऊन वरखाली करावे. विरजण म्हणून जुने खत किंवा आंबट ताक शिंपडले की काम लवकर सुरू होते. एक टाकी भरली की दुसरी घ्यावी. चौथी भरेपर्यंत पहिलीतले खत साधारणपणे तयार होत आलेले असते.

ओलावा बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी टाकीतले मूठभर मिश्रण घट्ट दाबावे. बोटांच्या फटींतून एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक. धार लागली तर पालापाचोळा कमी पडला आहे, आणि मूठ उघडताच मिश्रण भुसभुशीत होऊन विखुरले तर पाणी हवे. आंबूस, कुजकट वास आला की आत हवा पोचत नाही असे समजून त्याच दिवशी ढवळावे. करड्या, चपट्या, वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या की तक्रारी येतात. त्या सैनिक माशीच्या अळ्या असतात, कचरा झपाट्याने संपवतात आणि माणसाला त्यांचा काही उपद्रव नसतो, हे सूचनाफलकावर आधीच लिहून ठेवावे.

बहुतेक ठिकाणचे प्रकल्प पावसाळ्यात बंद पडतात, ते कोरडा पाला संपल्यामुळे. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते तेव्हा आवारातला पाला न जाळता पोत्यांत भरून कोरड्या जागी रचावा. इतकी एक तजवीज केली तर जुलै निभावून जातो.

सुक्या कचऱ्याचे काम सोपे आहे, फक्त त्याला सवय लागते. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नये. तो इवलासा तुकडा कोणी वेचत नाही आणि थेट गटारात जातो, म्हणून चीर देऊन तो पिशवीलाच लटकता ठेवावा आणि पिशवी विसळून, वाळवून द्यावी. वेफरच्या चकचकीत पाकिटांना भंगारात जवळजवळ भाव नाही. ती कमी विकत घेणे हाच उपाय. फुटकी काच कागदात गुंडाळून वर तसे लिहावे. डायपर आणि सॅनिटरी पॅड कागदात बांधून त्यावर तांबड्या शाईचा ठसठशीत ठिपका काढावा, म्हणजे ते कोणाला उघडून पाहावे लागत नाही.

हे सगळे शेवटी कचरावेचकांच्या हातांत जाते, आणि त्यांना या कामातले जेवढे कळते तेवढे कोणत्याही समितीला कळत नाही. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि पुढे कचरावेचकांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली; आपल्या भागात अशी व्यवस्था असेल तर तिच्याशीच करार करावा. सुक्या कचऱ्याच्या विक्रीचे पैसे सोसायटीने मागू नयेत. त्यांना बसून निवड करण्यासाठी सावलीची जागा, नळ आणि साबण द्यावा, आणि दरमहाचे शुल्क ठरल्या तारखेला द्यावे.

घडी बसली की मग कचरा मुळातच कमी करण्याकडे वळता येते. सर्वांत जास्त फरक पडतो तो सामाईक भांड्यांनी. गणेशोत्सव, कोजागरी, बारसे अशा प्रसंगी निघणाऱ्या कागदी-प्लास्टिकच्या ताटल्या टाळण्यासाठी सोसायटीने शंभरेक स्टीलची ताटे, वाट्या आणि पेले घेऊन ठेवावेत. नेताना वहीत मोजून नोंद करावी, थोडी अनामत ठेवावी, आणि भांडी घासण्याचे पैसे नेणाऱ्याने ती घासणाऱ्या ताईंना थेट द्यावेत, असा नियम पहिल्याच दिवशी लिहून लावावा.