अर्ली डिसिजनच्या आधी वही उघडा

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात माझी गुळाची अडत. सौदा ठरला की माघार नाही, हे अंगवळणी पडलेलं. अर्ली डिसिजन तसलंच: एकाच अमेरिकन कॉलेजला शब्द द्यायचा, प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे. मुदत बहुधा १ नोव्हेंबर, म्हणून गणपतीतच हिशेबाला बसा.

लेकीच्या वेळी मी नुसती ट्यूशन फी बघितली. चुकलो! राहणं, जेवण, आरोग्य विमा, विमानाचं तिकीट, सगळं चार वर्षांचं मांडा, आणि डॉलर चढणार हे धरूनच. कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, म्हणजे आर्थिक मदत वजा जाता घरातून किती जाईल त्याचा अंदाज, पण तो बहुतेक ठिकाणी अमेरिकन घरांसाठी. तेव्हा सरळ ईमेल करा: परदेशी मुलांना मदत देता का? मदत मागितली तर प्रवेशावर परिणाम होतो का? ॲमहर्स्ट, डार्टमथला होत नाही. सीएसएस प्रोफाइल, म्हणजे मदतीसाठीचा फॉर्म, मागितलं तर उत्पन्न, मालमत्ता सगळं दाखवावं लागतं. सीएला आधीच गाठा.

मदत अपुरी पडली तर त्या बंधनातून सुटता येतं, पण चार ऑफर शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. आम्हाला तीच हवी होती, म्हणून लेकीनं रेग्युलरला, म्हणजे बंधन नसलेल्या नेहमीच्या फेरीत, अर्ज केले. बायको अजून म्हणते, घाबरलात.