विमान धावपट्टी ओलांडून गेले, तर बाहेर कसे पडावे

२२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरच्या पठारावरील धावपट्टीवर फार पुढे जाऊन टेकले आणि थांबू न शकल्याने टोकापलीकडच्या दरीत कोसळून पेटले. १६६ पैकी १५८ जणांचा मृत्यू झाला. वाचलेल्या आठांपैकी बहुतेक जण विमानाचा सांगाडा फुटून पडलेल्या भगदाडातून बाहेर आले. म्हणून जवळचे दार बंद असले, तरी दुसरी वाट असू शकते, हे आधीच मनात ठरवून ठेवावे.

जागेवर बसताच पुढच्या आणि मागच्या दारापर्यंतच्या रांगा मोजाव्यात, कारण धुरात डोळ्यांना काही दिसत नाही आणि हाताने खुर्च्यांच्या पाठी चाचपतच पुढे सरकावे लागते. पट्टा कमरेच्या हाडांवर, खाली आणि घट्ट बांधावा. घाबरलेला माणूस सवयीने मोटारीतल्यासारखे बटण शोधतो. विमानातल्या पट्ट्याची वरची पट्टी मात्र उचलावी लागते. ही हालचाल दोन-तीनदा करून पाहण्यात संकोच वाटू देऊ नये. उतरताना बूट पायात असावेत.

कर्मचाऱ्यांनी सूचना देताच पुढे वाकून डोके समोरच्या खुर्चीला टेकवावे. विमान पूर्ण थांबेपर्यंत पट्टा सोडू नये, कारण पहिल्या धक्क्यानंतर दुसरा बसू शकतो. मग सामान तिथेच सोडून निघावे. विमानाला मान्यता देताना निम्म्या दारांमधून सर्व प्रवासी ९० सेकंदांत उतरवून दाखवावे लागतात. त्या हिशेबात वरच्या कप्प्यातली बॅग काढायला वेळ धरलेला नसतो, आणि मागच्या माणसाचा जीव त्या बॅगेहून नक्कीच मोलाचा आहे. दार उघडण्याची वेळ आपल्यावर आली, तर आधी खिडकीतून बाहेर आग नाही ना, हे पाहावे. धूर असेल तर वाकून चालावे. दारातून खाली सोडलेल्या घसरपट्टीवर, काठाशी बसत न राहता, थेट उडी मारावी आणि खाली येताच वारा जिकडून येतो त्या दिशेकडे, विमानापासून लांब जावे.

अंगावर जखम दिसत नसली, तरी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी आणि त्याची कागदपत्रे जपावीत. आंतरराष्ट्रीय प्रवासातील भरपाईचा दावा माँट्रियल करारानुसार दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. तोवर वकिलाला दाखवल्याशिवाय ‘पुढे कोणताही दावा करणार नाही’ अशा मजकुराच्या कागदावर जखमींनी किंवा मृतांच्या नातेवाइकांनी सही करू नये.