पितळी पत्र्यातून रोल्स-रॉईसची चिलखती गाडी कशी करावी

नाशिकच्या सातपूरला शीट मेटलवर ३१ वर्षं काढली. आता जेलरोडच्या घरी गॅलरीत टेबल टाकून गाड्या करतो. देवळालीच्या रेंजवर तोफा सुरू झाल्या की खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि टेबलावरचे बारीक स्क्रू घरंगळतात, म्हणून पहिली सूचना: टेबलाला कडेने पट्टी मारा.

गाडी सुरू करण्याआधी कोणत्या सालची करायची ते ठरवा. १९१४ च्या गाडीला तारेच्या आऱ्यांची चाकं होती, १९२० च्या गाडीला तबकड्यांची. १९२४ च्या टरेटवर, म्हणजे गाडीच्या डोक्यावरच्या फिरत्या बुरुजावर, कमांडरसाठी छोटी टोपी आली. हिंदुस्थानासाठी केलेल्या गाडीचं टरेट घुमटासारखं गोल, चारही बाजूंना मशीनगनसाठी जागा. मी पहिल्यांदा १९१४ च्या टरेटखाली १९२० ची चाकं बसवली होती. नगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉईस उभी आहे. ती एकदा चारी बाजूंनी बघून या, म्हणजे फोटो वाचता येतात.

इथे १९१४ ची गाडी घेतोय. प्रमाण १:२०. मूळ गाडी साधारण ४.९ मीटर लांब, १.९ रुंद आणि अडीच मीटर उंच, म्हणजे आपली २४५ मिलिमीटर लांब, ९५ रुंद, १२५ उंच. खरं चिलखत अर्ध्या इंचाच्या आतलं, त्यामुळे २४ गेजचा पितळी पत्रा जवळपास मापात बसतो. भांडी बाजारात वजनावर मिळतो. कोरी शीट मागू नका, कापून उरलेले तुकडे मागा.

आधी सगळी बॉडी लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून करा. पुठ्ठ्याची गाडी नीट उभी राहिली की सांधे उघडून पत्र्यावर आखा. रिव्हेट मात्र पत्रा वाकवण्याआधीच उठवायचे, नंतर टोच्या आत शिरत नाही. शिंप्याकडचं दातेरी चाक पट्टीला धरून फिरवा, अंतर आपोआप सारखं पडतं. मग पत्रा उलटा करून जुन्या चपलेच्या रबरावर ठेवा आणि बोथट टोच्याने प्रत्येक खुणेवर एकच ठोका द्या. दोन दिले की पत्र्याला भोक.

डाख आतून द्या. शेजारचा सांधा सुटू नये म्हणून त्यावर ओल्या कापसाचा बोळा ठेवा. टरेटचा खालचा भाग सरळ पट्टीचा, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर गुंडाळला की झाला. वरचा भाग आत झुकतो, तिथे सरळ पट्टी चालत नाही. ती कमानीत कापावी लागते, लॅम्पशेड उलगडून ठेवल्यासारखी. व्हिकर्स मशीनगनच्या पाण्याच्या नळीला जुन्या ट्रान्झिस्टरच्या अँटेनाचा पाचेक मिलिमीटर जाडीचा तुकडा घ्या. रेडिएटरपुढचे चिलखती दरवाजे थोडे उघडे ठेवा. ते बंद केले की इंजिन तापायचं.

एवढं सगळं करून माझी गाडी फसली होती. कॅम्पातले एक निवृत्त तोफखान्यातले गृहस्थ चहाला आले. आयुष्यभर फौजी ट्रक चालवलेला माणूस. गाडी हातात न घेता म्हणाले, "काका, ही रिकामीच निघालीय का?"

मी गप्प. गाडी काडेपेटीसारखी चाकांवर तरंगत होती.

मूळ गाडी समजून घेतली तर चूक कळते. पहिल्या महायुद्धात, सप्टेंबर-ऑक्टोबर १९१४ मध्ये, ब्रिटिश नौदलाच्या विमानदलाने बेल्जियम-फ्रान्सच्या किनाऱ्यावर साध्या मोटारींना बॉयलरचे पत्रे ठोकून गस्त चालू केली. नाइलाजाने खाली उतरलेले वैमानिक शोधून आणायचे होते. त्यातून टरेटवाली गाडी तयार झाली आणि डिसेंबरात पहिल्या गाड्या हातात आल्या. खाली रोल्स-रॉईसच्याच सिल्व्हर घोस्ट मोटारीची चासी, ७.४ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन. श्रीमंतांना मऊ सफर घडवणारी ही चासी जवळजवळ तशीच ठेवली. फक्त स्प्रिंगचे पाटे मजबूत केले आणि मागे जोडचाकं लावली. आणि वर चार टनांहून जास्त वजन! खंदकांच्या लढाईत तिला रस्ता उरला नाही, मग ती वाळवंटात गेली. ब्रिटिश अधिकारी लॉरेन्सच्या अरब मोहिमेत ती होती, आणि १९४० मध्ये इजिप्तच्या सीमेवर उघड्या टरेटची रोल्स-रॉईस पुन्हा गस्तीवर होती.

तर हे वजन दिसायला हवं. मुंबई-आग्रा रोडवर भरलेल्या ट्रकचे पाटे वाकून बघा, कमान जवळजवळ सपाट झालेली असते. तसेच करा. पितळी पट्ट्या कात्रीने चार मिलिमीटर रुंद कापा, लांबीने कमी-कमी होत जाणाऱ्या. त्या एकावर एक ठेवा, मधोमध तारेने बांधा आणि अगदी हलकी कमान द्या. मागची बाजू पुढच्यापेक्षा दीड मिलिमीटर खाली बसवा. टायरला हायड्रॉलिकवाल्याकडच्या रबरी ओ-रिंगा चालतात, मागे प्रत्येक बाजूला दोन. टेबलाला टेकणारा भाग कानसेने किंचित चपटा करा, मागे जरा जास्त. आऱ्यांसाठी मासेमारीचा नायलॉन दोरा. तो ओवताना सौ.ला चष्मा मागावा लागतो.

बॉडीत तळाला शिशाचे तुकडे चिकटवा. मागच्या लाकडी फळीवर पेट्रोलचे चपटे डबे, गुंडाळलेली ताडपत्री, वाळूतून गाडी काढायच्या फळ्या बांधा. रंग नौदलाचा करडा किंवा वाळूचा, दोन्ही पातळ हातांनी. पावसाळ्यात रंगवू नका, पांढुरका पडतो.

दिवाळीत ते गृहस्थ पुन्हा आले. टेबलाच्या पातळीवर डोळा आणून बराच वेळ मागची चाकं बघत बसले. मग विचारलं, "किती मैलाला एक डबा लागतो हिला?"