तिसऱ्या पाळीत पट्टी कोण बांधणार? कोळसा खाणीत फर्स्ट एडची माणसं कशी नेमायची

इन्स्पेक्शन जवळ आलं की प्रत्येक खाणीत एक यादी टाइप होते. फर्स्ट एड सर्टिफिकेट असलेल्यांची. यादी चांगली लांबलचक असते, डीजीएमएसचे (खाण सुरक्षा महासंचालनालयाचे) साहेब ती बघतात, मॅनेजर खूश. ओव्हरमन (सरदारांच्या वरचा पाळीतला अधिकारी) होतो तेव्हापासून मी त्या यादीला एकच प्रश्न विचारत आलोय: यातले आज रात्री बारा ते आठच्या पाळीत खाली किती आहेत, आणि कुठल्या डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे खाणीतल्या कामाच्या कुठल्या भागात? आता निवृत्तीनंतर व्हीटीसीत (खाणीच्या प्रशिक्षण केंद्रात) नव्या सरदारांना, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या कामावर आणि सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्यांना, फर्स्ट एड शिकवतो, तिथेही सुरुवात याच प्रश्नाने करतो. चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या भूमिगत खाणी डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. उघड्या खाणीचं थोडं शेवटी सांगतो.

आधी कायदा, थोडक्यात. १९५२ च्या खाण कायद्याचं कलम २१ सांगायचं की कामाच्या सगळ्या वेळात हाताशी येईल अशी फर्स्ट एड पेटी हवी, ती प्रशिक्षण घेतलेल्या जबाबदार माणसाच्या ताब्यात हवी आणि तो माणूस काम चालू असताना कायम उपलब्ध हवा. जखमीला दवाखान्यात न्यायची सोय हवी. १५० हून जास्त माणसं असतील तर वेगळी फर्स्ट एड रूम आणि तिच्यासाठी डॉक्टर-नर्सिंगचा स्टाफ हवा. २१ नोव्हेंबर २०२५ ला व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता लागू झाली आणि तो जुना कायदा तिच्यात गेला. संहितेत ५०० हून जास्त कामगारांच्या खाणीला अ‍ॅम्ब्युलन्स रूम सांगितली आहे. आता हा ५०० चा आकडा दाखवून कुणी चालू असलेली फर्स्ट एड रूम बंद करायला निघालं, तर पिट सेफ्टी कमिटीच्या बैठकीत हरकत घ्या आणि ती इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी हरकतीला खाणीत काही किंमत नसते.

आणि माणसं मोजताना ठेकेदाराचे कामगार सोडू नका. पगार कोण देतो हा प्रश्नच नाही. खाणीत काम करतो तो खाणीचा.

जुन्या कलमात एक गमतीचं वाक्य होतं: पेटीत ठरवून दिलेल्या सामानाशिवाय दुसरं काहीही ठेवायचं नाही. ज्याने हे लिहिलं त्याने खाण पाहिलेली असणार. मी उघडलेल्या पेट्यांमध्ये खर्र्याच्या पुड्या, डब्यातली उरलेली चटणी, फिटरचे नटबोल्ट, सगळं निघालंय.

आता मुख्य काम. कागद घ्या आणि खाणीचा एकूण आकडा विसरा. डिस्ट्रिक्टप्रमाणे आणि पाळीप्रमाणे खाने पाडा. प्रत्येक खान्यात दोन प्रशिक्षित माणसं, हा माझा हिशेब. एक का चालत नाही? बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये तो एक म्हणजे सरदार असतो, कारण त्याला फर्स्ट एडच्या सर्टिफिकेटशिवाय सरदारकीची परीक्षाच देता येत नाही. पण ब्लास्टिंगनंतर फेसवर, म्हणजे जिथे कोळसा काढतात तिथे, पहिला जातो कोण? सरदारच. छत ठोकून बघतो कोण? तोच. म्हणजे दगड पडला तर तो त्याच्याच अंगावर पडायची शक्यता सगळ्यात जास्त. दुसरा माणूस म्हणून दुसरा अधिकारी नेमू नका; पंप खलाशी, इलेक्ट्रिशियन, हॉलेज ऑपरेटर, एसडीएलचा (कोळसा भरणाऱ्या यंत्राचा) ऑपरेटर असा कुणी घ्या, जो पाळीभर त्याच भागात असतो. ओव्हरमन धरू नका. तो फिरता असतो, गरजेच्या वेळी नेमका दुसऱ्या टोकाला.

दोन माणसं लागतात त्याला आणखी एक साधं कारण आहे. शॉक लागून माणूस पडला आणि श्वास थांबला तर सीपीआर सुरू करायचा: मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती पाच-सहा सेंटीमीटर खाली जाईल इतक्या जोराने. आपल्या उकाड्यात, हेल्मेट-बत्ती-बेल्टसकट, दोन मिनिटांत दाब देणारा ढिला पडतो आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. दर दोन मिनिटांनी हात बदलायचे, तर बदलायला कुणीतरी हवा ना. लाईन तोडल्याशिवाय हात लावायचा नाही, हे वेगळं सांगत नाही.

मग भागाकार-गुणाकार. एका डिस्ट्रिक्टला तीन पाळ्या, दोन-दोन माणसं, म्हणजे रोज सहा जागा. आठवड्याची सुट्टी धरली की सहा जागांना सात माणसं लागतात. त्यावर रजा, आजारपण, लग्नसराई आणि पेरणीच्या दिवसांतली गैरहजेरी. म्हणून मी नऊ धरतो. तीन डिस्ट्रिक्टची खाण असेल तर २७, शिवाय पिट टॉप (खाणीच्या तोंडाशी, वर), वर्कशॉप आणि सीएचपीची (कोळसा हाताळणी प्लांटची) माणसं वेगळी. आता तुमची ती लांब यादी काढा आणि या खान्यांत नावं भरून बघा. पहिल्या पाळीचे खाने भरभरून वाहतील, तिसऱ्यात भोकं दिसतील. नेहमी असंच असतं, कारण सर्टिफिकेटवाले बरेचसे सीनियर, आणि सीनियर मंडळी जनरल शिफ्टला सरकलेली असतात.

यादी करताना एक सापळा आहे. रेस्क्यूचं प्रशिक्षण घेतलेली माणसं वेगळी असतात, त्यांचे नियम वेगळे (माइन्स रेस्क्यू रूल्स, १९८५), सराव नागपूरच्या रेस्क्यू स्टेशनला. तीच माणसं फर्स्ट एडच्या यादीतही हौसेने घातलेली असतात. आग लागली, रेस्क्यूला बोलावणं आलं, की ती पाठीवर श्वसनयंत्र लावून आत जाणार. मग बाहेर आणलेल्या माणसाजवळ कोण बसणार? एक नाव एकदाच मोजा.

पाळी बदलते, फिटर आपसात ड्युटी बदलून घेतात, कुणी ऐनवेळी खाडा करतो. म्हणून महिन्याचा तक्ता ऑफिसात लावून भागत नाही. माझ्या मते जागा एकच: बत्तीघर. बत्ती घेतल्याशिवाय खाली कुणी जात नाही. खिडकीशेजारी काळा फळा, त्यावर डिस्ट्रिक्टचे खाने. फर्स्ट एडवाल्याच्या हेल्मेटवर हिरवा क्रॉस. बत्ती देताना बत्तीबाबूने हिरवा क्रॉस दिसला की नाव खडूने लिहायचं. पाळी खाली उतरायच्या आधी खाना रिकामा दिसला तर शिफ्ट इनचार्जने दुसऱ्या डिस्ट्रिक्टमधून माणूस हलवायचा. खडू आणि फळ्याचा खर्च मंजूर करायला नागपूरच्या मुख्यालयात फाईल जात नाही.

सर्टिफिकेट सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचं, आणि त्याची मुदत तीन वर्षांची. तारीख बघाच, पण मी हातही बघतो. शिकणाऱ्याला गॅलरीत नेऊन बत्ती बंद करायला लावतो आणि म्हणतो, मांडीला दाबपट्टी बांध. वर्गात सुरेख बांधणारे अंधारात पट्टीचं टोक शोधत बसतात. ड्युटीवरच्या सरदार-ओव्हरमनजवळ निर्जंतुक पट्टीचं पाऊच असायला हवंच. ते घामाने भिजलेलं नाही ना, एवढं पाळीच्या सुरुवातीला चाचपून घ्या.

स्ट्रेचरला माणसं किती? चार म्हणाल. चार जणांनी उचलून फेसपासून मॅनराइडिंगच्या (माणसं नेणाऱ्या गाडीच्या) स्टेशनपर्यंत चालून बघा. पायाखाली रूळ, चिखल, वर चढ. पन्नास-साठ पावलांत खांदे भरून येतात. आठ माणसं ठेवा, दोन जोड्या, आणि नववा डोक्याशी चालणारा, तो मान धरतो आणि जखमीशी बोलत राहतो. छताखाली सापडलेल्या माणसाचा मणका तुटलेला आहे असंच धरून चालायचं: वळवायचा तो डोकं, खांदे, कंबर एका रेषेत ठेवून, एकाच्या इशाऱ्यावर. रात्रपाळीत त्या डिस्ट्रिक्टमध्ये नऊ माणसं आहेतच का? नसतील तर शेजारच्या डिस्ट्रिक्टमधून कोण येणार, हे आधी ठरवून फळ्यावर लिहा. सराव करायचा तर पोत्यात ६५-७० किलो वाळू भरा, आणि सराव तिसऱ्या पाळीत पहाटे चारला घ्या. सकाळी अकराचा सराव साहेबांच्या फोटोसाठी असतो.

दोन प्रसंगी वैद्यकीय माणूस लागतो, त्याची सोय नेमणुकीतच हवी. पहिलं, माणूस दगडाखाली किंवा मशीनखाली बराच वेळ दबलेला असेल तर. तासाभराहून जास्त दबलेला पाय एकदम मोकळा केला की चिरडलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम आणि बाकीचं विष रक्तात शिरतं, आणि बोलता-बोलता हृदय थांबतं. छत टिकून असेल तर डॉक्टर येऊन सलाईन लावेपर्यंत थांबतात. किती वाजता दबला ते त्याच्याच हेल्मेटवर खडूने लिहा. म्हणजे फर्स्ट एड रूमच्या डॉक्टरला किंवा ड्रेसरला (मलमपट्टी करणाऱ्याला) खाली जाण्याचं प्रशिक्षण, बूट, बत्ती आणि सेल्फ रेस्क्युअर (विषारी वायूतून बाहेर पडायला लागणारं श्वसनसाधन) हवा. अनेक ठिकाणी डॉक्टरच्या मापाचे बूटच नसतात.

दुसरं, वायू. २५ जानेवारी १९९४ ला राणीगंज पट्ट्यातल्या न्यू केंदा खाणीत आग लागून ५५ माणसं गेली. आगीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो. धुरातून काढलेल्या माणसाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर तो ९८ दाखवेल आणि नवखा ड्रेसर म्हणेल, ठीक आहे, बसू दे. ते यंत्र दोन्हींत फरक करत नाही. आकडा बघू नका, मास्कने ऑक्सिजन लावा आणि दवाखान्यात पाठवा. हे तुमच्या तिन्ही पाळ्यांच्या ड्रेसरला माहीत आहे का, एवढं आजच विचारा.

वरची साखळी: पिट टॉपला फोन उचलणारा, ड्रेसर, अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. तिघांचीही तिन्ही पाळ्यांत नावं हवीत. ड्रायव्हर एकच असेल आणि 'कॉलवर घरी' असेल तर तुमच्याकडे अ‍ॅम्ब्युलन्स नाही असं समजा. त्याच्याकडून रस्ता चालवून घ्या. घुग्घुसच्या राजीव रतन रुग्णालयाकडे निघालात आणि वाटेतल्या फाटकावर कोळशाची मालगाडी उभी असली तर दुसरी वाट कुठली, हे त्याला पाठ हवं.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियाने खाणकामगारांसाठी वेगळा प्रशिक्षित तंत्रज्ञच कायद्यात घातला आहे, आणि एका पाळीत दर पन्नास माणसांमागे किमान एक असा हिशेब ठेवलाय. पाळीवर मोजतात. आपल्याला तेवढं प्रशिक्षण लगेच जमणार नाही, मोजण्याची रीत मात्र उद्यापासून उचलता येते.

उघड्या खाणीत डिस्ट्रिक्टऐवजी बेंच (खोदकामाच्या पायऱ्या) आणि डंप (मातीचे ढिगारे) धरा. तिथे माणसं डंपर आणि शॉव्हेलच्या केबिनमध्ये विखुरलेली, म्हणून वॉकीटॉकीवाला सुपरवायझर प्रशिक्षित हवा. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर गेला की दुपारच्या पाळीला एक जादा माणूस फक्त उष्माघातासाठी ठेवा. बडबडायला लागलेला, अंग तापलेला ऑपरेटर दिसला की सावली, पाणी ओतणं, वारा घालणं, काखेत-जांघेत बर्फ, आणि हे अ‍ॅम्ब्युलन्स यायच्या आधी.

राहिला एक खाना, जो कुणीच भरत नाही. जखमीबरोबर अ‍ॅम्ब्युलन्समध्ये कोण जाणार? बहुतेक वेळा खालचा फर्स्ट एडवालाच जातो, कारण काय झालं ते त्यालाच माहीत. मग उरलेली पाळी तो डिस्ट्रिक्ट एका माणसावर. त्याच्या जागी बदली कोण, वापरलेल्या पट्ट्या पेटीत परत कोण भरणार, आणि बदली माणूस पोचेपर्यंत फेसचं काम थांबवायचं हा हुकूम कोण देणार, ही तीन नावं फळ्याच्या खालच्या ओळीत लिहा.