‘ईआर निगेटिव्ह’ आलंय? आधी बरणीची चौकशी करा. या चुका टाळा

कळवण-सुरगाण्याकडे शनिवारी दुपारी स्तनातली कॅन्सरची गाठ काढली, तर नाशिकच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती सोमवारीच उघडली जाते. हार्मोन रिसेप्टर म्हणजे गाठीच्या पेशींतली हार्मोन पकडणारी प्रथिनं: ईआर इस्ट्रोजेनचं, पीआर प्रोजेस्टेरॉनचं. त्यांचा रिपोर्ट बिघडायचा असेल, तर या दोन दिवसांत बिघडू शकतो.

दोन दिवस तसे फार नाहीत. फॉर्मलिनमध्ये (गाठ टिकवणाऱ्या द्रावणात) किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास चालतात. जोडून सुट्टी आली की मात्र गणित चुकतं. खरी चूक म्हणजे अख्खी गाठ न कापता, लोणच्यासारखी बरणीत ठासणं. फॉर्मलिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत शिरतं. तोवर ५ सेंटिमीटरच्या गाठीचा गाभा खराब व्हायला लागतो, रिसेप्टरची प्रथिनं नासतात आणि पॉझिटिव्ह गाठ निगेटिव्ह दिसते. म्हणून दिशा कळण्यासाठी आधी दोऱ्याच्या खुणा करा, कडा न बिघडवता काप कुठून द्यायचा ते पॅथॉलॉजिस्टला फोनवर विचारा आणि तासाभरात गाठ फॉर्मलिनमध्ये जाऊ द्या. बफर असलेलं १० टक्के फॉर्मलिन, गाठीच्या दहापट. सलाइनमध्ये ठेवू नका. लेबलवर दोन वेळा लिहा: गाठ काढल्याची आणि फॉर्मलिनमध्ये टाकल्याची. हे दोन आकडे नसले की पुढे सगळा अंदाजच.

रिपोर्ट वाचताना नुसता ‘निगेटिव्ह’ हा शब्द पाहू नका, टक्के पाहा. १ टक्क्यापासून ईआर पॉझिटिव्ह धरतात. १ ते १० म्हणजे ‘लो पॉझिटिव्ह’, ते वेगळं लिहिलेलं हवं. हर-२ (कॅन्सर वाढवणारं आणखी एक प्रथिन) ला ‘२+’ आलं तर निकाल लागलेला नाही, फिश ही जनुकाची तपासणी करावी लागते.

मग गाठीचा स्वभाव जुळतो का ते बघा. ग्रेड १ (सौम्य दिसणारी) किंवा ट्युब्युलर, म्युसिनस, लोब्युलर प्रकारची गाठ सहसा ईआर पॉझिटिव्ह असते. तशी गाठ निगेटिव्ह आली, तर शेजारच्या निरोगी नलिकांच्या पेशींनी तपासणीचा रंग घेतलाय का, असं विचारा. त्याही कोऱ्या असतील तर तो निकाल धरू नका. दुसऱ्या ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या गाठीच्या तुकड्यावर) किंवा सुईच्या बायोप्सीवर तपासणी पुन्हा करून घ्या. ईआर निगेटिव्ह पण पीआर पॉझिटिव्ह, हेही असंच खटकायला हवं.

ऑपरेशनआधी केमो ठरली असेल, तर ईआर, पीआर, हर-२ आधीच बायोप्सीवर करून घ्या. केमोने गाठ विरघळली तर नंतर तपासायला काही उरत नाही. दुसऱ्या मतासाठी मुंबईला जाताना स्लाइडबरोबर मेणाचा ब्लॉकही मागून न्या आणि उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका.